जुन्या बोलेरो पिकअपचे केबिन रबर : कुठला सेट घ्यावा, कसा बसवावा

आठ-दहा वर्षं भाजी, सिमेंट किंवा मासळी वाहिलेली पिकअप स्पीडब्रेकरवरून उतरली की हौद्याचा खडखडाट होतोच. तो कानाला सवयीचा असतो. पण सीटच्या खालून ‘धप्’ असा बसका आवाज यायला लागला आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग किंचित अंगावर आल्यासारखं वाटलं, तर ते प्रकरण वेगळं असतं. बहुतेक ठिकाणी आधी शॉकअप बदलतात, मग पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) बुश बदलतात, आणि आवाज तिथेच राहतो. कारण झिजलेलं असतं ते केबिन आणि चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) यांच्यामधलं रबर. कुणी त्याला केबिन माउंटिंग म्हणतं, कुणी बॉडी बुश.

हे रबर बाजारात चार रूपांत मिळतं: कंपनीचा सेट, बाजारातला साधा सेट, लाल किंवा पिवळं पॉलियुरेथेन (रबरासारखं पण कडक प्लॅस्टिक), आणि गॅरेजवाल्याने पट्ट्यातून कापून दिलेले तुकडे. निकाल आधीच सांगतो. माल वाहणाऱ्या जुन्या गाडीला कंपनीचा सेट घ्यावा. तो मिळत नसेल तर बाजारातला घ्यायला हरकत नाही, मात्र काउंटरवर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावून मोजल्याशिवाय नाही. पॉलियुरेथेन रोजच्या मालवाहू गाडीला नको. कापलेले तुकडे कुठल्याच गाडीला नकोत. का, ते समजायला हा भाग आतून कसा असतो ते आधी बघायला हवं.

एका माउंटमध्ये नुसतं रबर नसतं. वर एक जाड रबर असतं, त्यावर केबिनचं वजन बसतं. चासीच्या ब्रॅकेटखाली दुसरं, बहुधा पातळ रबर असतं. केबिन वर उसळते तेव्हा तिला खाली धरायचं काम त्याचं. दोन्हींच्या मधून लोखंडी स्लीव्ह (पोकळ नळी) जाते, टोकांना वाटीसारखे वॉशर असतात आणि सगळ्यांतून एक लांब बोल्ट. बोल्ट आवळला की ताण स्लीव्हवर येतो, रबरावर नाही. रबर किती दाबलं जायचं हे स्लीव्हची लांबी ठरवते. म्हणून हा सेट विकत घेताना रबराचा काळेपणा आणि मऊपणा बघण्याआधी स्लीव्ह बघायची. स्लीव्ह दोन मिमी आखूड निघाली तर रबर जास्त चेपलं जातं, केबिन कडक होते आणि काही महिन्यांत रबराच्या कडा फाटतात. दोन मिमी लांब निघाली तर बोल्ट पूर्ण आवळलेला असूनही रबर सैल राहतं आणि नव्या सेटवरही तोच ‘धप्’ ऐकू येतो. मग दोष मिस्त्रीच्या माथी जातो, खरा दोष स्लीव्हचा असतो.

रबर मरतं कशाने? वयाने तर मरतंच. वर्षानुवर्षं एकाच वजनाखाली दबलेलं रबर वजन काढलं तरी मूळ उंचीला परत येत नाही. सायलेन्सरच्या पाइपाजवळचं माउंट उष्णतेने लवकर कडक होतं आणि तडकतं. पण आपल्याकडचं एक मोठं कारण वॉशिंग सेंटरवर घडतं. गंज लागू नये म्हणून गाडी धुतल्यावर खालून डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. चासीच्या लोखंडाला त्याने थोडा फायदा होतो, पण माउंटचं नैसर्गिक रबर डिझेल आणि ऑइल पिऊन फुगतं, पिठासारखं मऊ होतं आणि चुरा होऊन गळतं. नवा सेट बसवल्यावर हा फवारा बंद करा. नाही तर कुठलाही सेट टिकणार नाही.

मासळीच्या गाड्यांची गोष्ट आणखी वेगळी. मिरकरवाडा किंवा हर्णै बंदरावरून बर्फात भरलेले ट्रे घेऊन निघालेल्या गाडीत खारं पाणी हौद्याच्या पुढच्या फळीकडून चासीवर ठिबकतं. केबिनचे मागचे माउंट नेमके तिथेच असतात. या गाड्यांत रबर बरं असतं आणि ब्रॅकेट सडलेलं असतं. तिथे रबराचा सेट घेण्याआधी हातोडीच्या मागच्या बाजूने ब्रॅकेटवर आणि केबिनच्या तळाच्या पत्र्यावर टक टक करून बघा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर आधी वेल्डिंगचं काम निघालं म्हणून समजा.

आता तपासणी. ती अर्ध्या तासाची आहे आणि खर्च शून्य. गाडी सपाट जागेवर रिकामी उभी करा. मागे जाऊन केबिनची मागची भिंत आणि हौद्याची पुढची फळी यांच्यातली फट बघा. वर आणि खाली, डावीकडे आणि उजवीकडे, अशी चार ठिकाणी मोजा. वरची फट खालच्यापेक्षा स्पष्टपणे कमी असेल तर केबिन मागे झुकली आहे, मागचे रबर बसले आहेत. एका बाजूची फट वेगळी असेल तर त्या बाजूचं माउंट बघा. मात्र हौदा कधी काढून बसवला असेल किंवा नवा बांधून घेतला असेल तर फटीवर एकट्या भरवसा ठेवू नका.

मग खाली झोपा. प्रत्येक माउंटजवळ बॅटरी धरून तीन गोष्टी शोधा. बोल्टभोवती तांबूस भुकटी दिसली तर तिथे लोखंडावर लोखंड घासतंय. वाटी वॉशरचा एखादा भाग चांदीसारखा चकचकीत असेल तर तो ब्रॅकेटला आपटतोय. आणि वरच्या रबराची उंची डाव्या-उजव्या बाजूला व्हर्नियरने मोजा. जोडीतल्या दोन रबरांत तीन-चार मिमीचा फरक असेल तर कमी उंचीचं रबर बसलंय, यात शंका घ्यायचं कारण नाही. कंपनीचं एखादं नवं रबर हातात असेल तर तुलना आणखी सोपी.

त्यानंतर पहार. ब्रॅकेट आणि केबिनच्या तळाचा मजबूत भाग यांच्यात पहारीचं टोक घालून हलकं उचला. चांगलं रबर थोडं दबतं आणि लगेच परत येतं, आवाज करत नाही. मेलेल्या माउंटमध्ये केबिन आधी मोकळी उचलली जाते आणि सोडल्यावर टक्कन खाली बसते. पहार पत्र्याच्या सपाट भागावर टेकवायची नाही, पत्रा वर येतो. शेवटी दोघांनी मिळून करायची चाचणी: एकाने गाडी वीस-एकच्या वेगाने आणून मोकळ्या जागेत जोरात ब्रेक मारायचा, दुसऱ्याने लांबून, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ घ्यायचा. गाडीच्या मार्गात उभं राहायचं नाही. व्हिडिओ संथ करून बघितला की केबिन चासीवर पुढे सरकून मागे येते का, हे कुणालाही दिसतं. हौदा आणि केबिन यांची फट ब्रेकच्या क्षणी उघडली तर उत्तर मिळालं.

एक इशारा. पाट्यांच्या शॅकलचे (पाटी चासीला जोडणाऱ्या कडीचे) बुश, शॉकअपचे बुश आणि गिअरबॉक्सचं माउंटिंग यांचे आवाजही याच सुमाराला ऐकू येतात. क्लच सोडताना ‘ठक्’ येत असेल तर आधी इंजिन आणि गिअरबॉक्सची माउंटिंग बघा. फक्त एका चाकावर खड्डा घेतल्यावर येत असेल तर सस्पेन्शन बघा. गिअर लिव्हर ब्रेकच्या वेळी फ्लोअरच्या भोकाच्या कडेला टेकत असेल, किंवा दरवाजा थोडा उचलून लावावा लागत असेल, तर बोट केबिन रबराकडे जातं.

हे दुखणं अंगावर काढू नये. केबिन खाली बसली की स्टिअरिंगच्या कॉलमचा जोड तिरका पडतो. मास्टर सिलिंडरपासून चासीकडे जाणारा ब्रेकचा पाइप सतत वाकून तडकू शकतो. रेडिएटरचा शराउड (फॅनभोवतीचं कडं) फॅनला टेकू शकतो. आणि केबिनच्या तळाचा पत्रा माउंटभोवती चिरत जातो, जो दुरुस्त करायला रबरापेक्षा कितीतरी जास्त पैसे लागतात. काच कोपऱ्यातून पुन्हा पुन्हा तडकत असेल तर तिथेही हेच तपासावं.

आता सेटविषयी सविस्तर.

कंपनीचा सेट. अधिकृत दुकानात जाताना गाडीचं आरसी घेऊन जा आणि सतरा अंकी-अक्षरी चासी नंबरावरून भाग काढायला सांगा. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वर्षानुसार, सिंगल केबिन की डबल केबिनची कॅम्पर यानुसार माउंटची संख्या आणि आकार बदलतात. ‘बोलेरो पिकअपचे द्या’ एवढं सांगून आणलेला सेट निम्म्या वेळा परत द्यावा लागतो. खालून माउंट मोजून, फोटो काढून न्या. पुढचे आणि मागचे रबर वेगळ्या उंचीचे असू शकतात, त्यांची अदलाबदल करू नका. कंपनीच्या रबरावर कधी पांढुरकी भुकटी दिसते. तो दोष नाही. ओझोनपासून बचावासाठी रबरात मिसळलेलं मेण वर आलेलं असतं. या सेटची खरी किंमत त्याच्या मापात आहे. स्लीव्ह, वॉशर आणि रबर एकमेकांसाठी बनलेले असतात. तक्रार एकच: काही जुन्या मॉडेलांचे भाग एकेक करून मागवावे लागतात आणि बोल्ट, वॉशर वेगळे विचारावे लागतात. विसरलात तर गाडी दोन दिवस घोडीवर (स्टँडवर) उभी राहते.

बाजारातला साधा सेट. पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाऊस, कुर्ल्याचा सीएसटी रोड, अशा सुट्या भागांच्या बाजारांत आणि तालुक्याच्या ऑटोमोबाइल दुकानांत या प्रकारचे सेट असतात. यात उत्तम माल आहे आणि अगदी टाकाऊ मालही आहे, डबा बघून फरक कळत नाही. म्हणून काउंटरवरच करायची परीक्षा. सेटमधल्या एकसारख्या स्लीव्ह ओळीने उभ्या करा. लांबीत अर्ध्या मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सेट परत द्या. जुनी स्लीव्ह सोबत न्या आणि तिच्याशी लांबी ताडा, पण जुनीचं टोक घासून आखूड झालं असेल हे लक्षात ठेवा. रबराची कड नखाने दाबून वाकवा. दाणेदार तुटलं किंवा बारीक भेगा दिसल्या तर ते पुनर्वापराच्या रबराचं किंवा फार जुन्या साठ्यातलं आहे. तळहातावर चोळून काळा डाग पडला तरी नको. वाटी वॉशर हाताच्या दाबाने वाकत असेल तर तो पहिल्याच ओव्हरलोडला पाण्याच्या थाळीसारखा सपाट होतो. रबर चांगलं आणि फक्त स्लीव्ह चुकीची असेल तर एक मार्ग आहे. लेथवाल्याकडून योग्य मापाच्या स्लीव्ह करून घ्या. जाड भिंतीचा सीमलेस पाइप वापरायला सांगा, शिवण असलेला पातळ पाइप दबतो. दोन्ही टोकं काटकोनात कापलेली हवीत.

पॉलियुरेथेन. याची स्तुती खूप ऐकू येते आणि काही बाबतींत ती खरीही आहे. डिझेल-ऑइलने ते फुगत नाही, उन्हाने लवकर तडकत नाही, वजनाखाली कमी बसतं. पण कंपनीचं माउंट साधारण ५० ते ६५ शोअर-ए (रबराचा कडकपणा मोजायचं माप) कडकपणाचं असतं, तर पॉली बहुधा ८० च्या पुढे. जुन्या डिझेल इंजिनची आयडलवरची (गाडी उभी, इंजिन चालू असतानाची) थरथर मग सरळ सीट आणि स्टिअरिंगमध्ये येते. दिवसाला दोनशे-तीनशे किलोमीटर चालवणाऱ्या ड्रायव्हरच्या पाठीला ते परवडत नाही. दुसरं कारण त्याहून गंभीर आहे. दहा वर्षं जुन्या केबिनचा पत्रा आधीच थकलेला असतो. रबर जो दणका गिळत होतं तो पॉली पत्र्याला देतं आणि माउंटभोवती चिरा पडतात. चिखलात, दगडांत हौसेने चालवायच्या, पत्रा निरोगी असलेल्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीला ते शोभतं. तिथेही बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा, नाही तर दर वळणाला कुंईकुंई करेल. साधं ग्रीस लावू नका.

कापलेले तुकडे. कन्व्हेअर बेल्ट, ट्रकच्या टायरची बाजू, मडफ्लॅप यांतून कापलेले चौकोन. यांत कापडाचे किंवा तारेचे थर असतात, त्यामुळे ते एका दिशेला दबत नाहीत आणि कडेने सुटतात. स्लीव्ह नसते, म्हणून बोल्ट कितीही आवळला तरी रबर चेपत जातं आणि पंधरा दिवसांत सैल होतं. रस्त्यात माउंट तुटून गेलं आणि गाडी घरापर्यंत आणायची आहे, एवढ्यापुरता हा उपाय ठीक.

सेट पूर्ण बदलावा, एखादंच माउंट नव्हे. एक नवं आणि बाकी बसलेले असं झालं की केबिन त्या नव्या माउंटवर तिरकी उभी राहते आणि तिथला पत्रा आधी चिरतो. मजुरीही जवळपास तेवढीच लागते.

बसवण्याचं काम घाईचं नाही. आदल्या संध्याकाळी सगळ्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारा, रात्री पुन्हा एकदा, सकाळी तिसऱ्यांदा. बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कॉमन रेल (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या डिझेल) इंजिनच्या गाडीत वेल्डिंग होण्याची शक्यता असेल तर ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) कनेक्टरही काढा. मग केबिन उचलली की काय काय ताणलं जाईल याची फेरी मारा: स्टिअरिंग कॉलमचा जोड, गिअर लिव्हरचा बूट, हँडब्रेक आणि ॲक्सिलरेटरच्या केबल, ब्रेक आणि क्लचचे पाइप, हीटरचे होज, इंजिन ते बॉडीची अर्थिंग पट्टी, वायरिंगचे क्लिप. शराउड सैल करून फॅनपासून मोकळा करा. स्टिअरिंगचा जोड काढायचा असेल तर दोन्ही भागांवर रंगाची खूण करा आणि चाकं सरळ ठेवा.

एका वेळी एकच बाजू उचलायची. त्या बाजूचे बोल्ट काढा, पलीकडचे फक्त चार-पाच आटे सैल करा, काढू नका. जॅकवर लाकडाची लांब फळी ठेवा आणि ती केबिनच्या कडेच्या मजबूत बीमखाली घ्या. फ्लोअरच्या सपाट पत्र्याला जॅक लावला तर तो बशीसारखा आत जातो. नवं रबर सरकवण्यापुरतंच उचला, २५ ते ४० मिमी पुरे. दर दहा मिमीला थांबून पाइप आणि वायरिंग बघा. उचललेल्या केबिनखाली हात घालण्याआधी लाकडी ठोकळा ठेवा, नुसत्या हायड्रॉलिक जॅकवर कधीही विसंबू नका.

सगळ्यांत त्रास देतो तो केबिनच्या बीममध्ये वेल्ड केलेला नट. बोल्ट जाम असतो, नट सुटून आत फिरायला लागतो आणि वरून पाना लावायला जागा नसते. इम्पॅक्ट गन लावली की हे हमखास घडतं. हाताच्या लांब पान्याने पाव-पाव फेरा सोडा-आवळा करत काढा. तरीही नट फिरला तर मॅट आणि फोम काढून फ्लोअरमध्ये नेमक्या जागी एक तपासणी-भोक करावं लागतं. नट धरून बोल्ट काढायचा, नवा नट वेल्ड करायचा, भोक पत्र्याच्या झाकणाने आणि सीलंटने बंद करायचं. गॅस कटर शक्यतो टाळा. डिझेलचा पाइप, वायरिंग आणि केबिनचा फोम तिथून हातभरावर असतात. कापायचंच असेल तर ग्राइंडर, ओली गोणपाटं आणि जवळ पाण्याची बादली हवीच.

जुनं रबर निघालं की ब्रॅकेट वायर ब्रशने साफ करा, भोक लांबट झालंय का बघा. लांबट भोकावर जाड वॉशर वेल्ड करून गोल करून घ्या. रेडऑक्साइडचा हात मारा, पूर्ण वाळू द्या. बोल्ट नवेच वापरा, ८.८ ग्रेडचे. घेताना आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) ताडा, कारण एम१० बोल्ट १.२५ आणि १.५ अशा दोन्ही पिचमध्ये मिळतो आणि चुकीचा बोल्ट दोन-तीन फेरे जाऊन अडकतो. सगळे बोल्ट आधी हाताने लावा, केबिन खाली बसू द्या, फट आणि दरवाजे जुळवा, मगच आवळा. किती जोराने आवळायचं (टॉर्क), तो आकडा सर्व्हिस मॅन्युअलचा पाळा. तो हाताशी नसेल तर कोरड्या आट्यांच्या ८.८ ग्रेडच्या एम१० ला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम१२ ला ८० च्या आसपास हा अंदाज चालतो. आट्यांना ग्रीस लावलं असेल तर त्याहून कमी. आवळल्यावर वॉशर स्लीव्हला घट्ट टेकला पाहिजे आणि रबर सगळीकडून सारखं फुगलेलं दिसलं पाहिजे.

काम कुठे द्यावं? बोल्ट सहज सुटणार असतील तर कुठलंही नीटनेटकं गॅरेज चालेल. पण कोकणातली, मासळीची किंवा खत वाहिलेली गाडी असेल तर पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या डेंटरकडे द्या, कारण त्या गाडीत हे काम अर्धं रबराचं आणि अर्धं पत्र्याचं असतं. भाव ठरवताना नट फिरल्यास जास्तीचं किती लागेल हे आधीच बोलून घ्या, आणि जुने रबर, स्लीव्ह, वॉशर परत मागा. त्यावरून कुठलं माउंट किती मेलं होतं ते दिसतं.

गाडी ताब्यात घेताना स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा, पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून लिव्हर कुठे टेकत नाही ना ते तपासा, इंजिन चालू ठेवून फॅन आणि शराउडमधली फट सगळीकडून बघा, ब्रेकच्या पाइपांवर हात फिरवून ओल लागत नाही याची खात्री करा. पाचशे किलोमीटर झाल्यावर एकदा सगळे बोल्ट पुन्हा टॉर्कवर तपासून घ्या.